पाच-चारची गाडी

मामांच्या कॉम्प्युटरची तब्येत कळायला कॉम्प्युटर पाहावा लागत नाही. फोनवरचं त्यांचं पहिलं वाक्य पुरतं. “नमस्कार, पुण्यात हवामान कसं आहे?” असं पुस्तकी मराठी आलं, तर यंत्र ठणठणीत. “काबे, काय करून रायला?” असं आलं, तर काहीतरी अडलंय. आणि नुसतंच “बाप्पा!” आलं, की मी जेवणाचं ताट बाजूला सारतो, कारण पुढचा तासभर मला घास मिळणार नसतो.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवायचे. घाटंजी, नेर, दिग्रस अशा बदल्या भोगून झाल्यावर यवतमाळात दारव्हा रोडला घर बांधून स्थिरावले. निवृत्त मास्तरांपुढे आमच्याकडे तीन-चार ठरलेल्या वाटा असतात. कोणी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या वाटतो, कोणी पत्रिका मांडतो, कोणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तहसील हादरवतो. मामांनी लिनक्स धरलं.

याचं मूळ एमएस-सीआयटीत आहे. कोर्स केला नाही तर पगारवाढ थांबेल, या धाकानं सरकारी नोकरांची एक अख्खी पिढी माउस धरायला शिकली. बाकीच्यांनी सर्टिफिकेट लॅमिनेट केलं आणि माउस खाली ठेवला. मामांनी मात्र वर्गातल्या पोरीएवढ्या वयाच्या मॅडमना विचारलं, “बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत आत काय होते?” मॅडम म्हणाल्या, “सर, ते सिलॅबसला नाही.” हे वाक्य मामांनी आयुष्यभर पोरांना ऐकवलं होतं. पहिल्यांदा स्वतः ऐकलं आणि त्यांना ते फार लागलं.

आज त्यांच्याकडे लिनक्सची दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर ‘श्री’, हळदीकुंकवाचं बोट, आणि खाली देवनागरीत आज्ञा: ‘सुडो म्हणजे मालकाच्या हक्कानं. जपून.’ ‘जपून’खाली दोन रेघा. दुसरी रेघ एका संध्याकाळी पडली. त्या संध्याकाळबद्दल घरात कोणी बोलत नाही.

रोज सकाळी दत्त चौकात चहाच्या टपरीवर मामांचा वर्ग भरतो. विद्यार्थी तीन: एक निवृत्त तलाठी, एक एसटीतले निवृत्त कंट्रोलर आणि कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातले एक ग्रेडर, जे अजूनही समोरच्या माणसाचा शर्ट बोटांत धरून धाग्याची लांबी पाहतात. या तिघांना मामांनी कर्नल समजावला तो शकुंतलेच्या आधारानं.

“शकुंतला आठवते ना? यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, नॅरोगेज. तिचं एंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, वाफेचं. १९९४ साली ते काढलं आणि डिझेलचं लावलं. डबे तेच, रूळ तेच, गार्डाची शिट्टी तीच. बदललं फक्त एंजिन. कॉम्प्युटरमध्ये त्या एंजिनाला कर्नल म्हणतात.”

“आन् एंजिन जोडते कोन?” कंट्रोलरसाहेबांनी नेमका खात्यातला प्रश्न विचारला.

“त्याचं नाव ग्रब. तो सांधेवाला. बटण दाबलं की पहिल्यांदा तो उठतो, यार्डात कोणकोणती एंजिनं उभी आहेत त्याची यादी पडद्यावर लावतो, आणि विचारतो: आज कोणतं जोडू? जोडून दिलं की त्याचं काम संपलं. मग दिवसभर त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही.” मामा इथं घोट घेतात आणि ठेवणीतली माहिती काढतात. “१९९५ साली एरिक बोलेन नावाच्या माणसानं लिहायला घेतला. भौतिकशास्त्रात गुरुत्वाकर्षण सोडून बाकीची तिन्ही बलं एका सूत्रात बांधू पाहणारी ग्रँड युनिफाइड थिअरी आहे ना, तिच्यावरून गमतीनं नाव ठेवलं, ग्रँड युनिफाइड बूटलोडर. नाव एवढं मोठं आणि काम सांधे बदलायचं.”

“आपल्या खात्यात बी असंच होतं,” तलाठीसाहेब म्हणाले.

आता मामांचं दुखणं. त्यांच्या कॉम्प्युटरवर उबुंटू या लिनक्सची २०.०४ ही आवृत्ती होती आणि तिच्यासोबत आलेला कर्नल होता ५.४. वायफायचं जे डोंगल होतं, त्याचा ड्रायव्हर मी एका दिवाळीत रात्र जागून या ५.४ साठी बसवून दिला होता. पुढे अपडेटबरोबर ५.१५ आला आणि डोंगल मुकं झालं. मी म्हटलं, “मामा, नव्या कर्नलवर तो ड्रायव्हर चालत नाहीये.”

“नवा कोणता?”

“पाच पॉइंट पंधरा.”

“अबे, पाच पॉइंट चार म्हणजे पाच पॉइंट चाळीस. थो पंधरापेक्षा मोठा. मोठा अंक मागचा अन् लहान अंक नवा? कोन्या शाळेत शिकला तू?”

शाळेत मी त्यांच्याकडेच शिकलो होतो, हे बोलायची ती वेळ नव्हती. हा दशांश नाही, ठिपक्याच्या अलीकडचा एक आकडा आणि पलीकडचा एक, चारनंतर पाच, सहा असं करत पंधरा आलेत, २०१९ सालचा तो चार आणि २०२१ सालचा हा पंधरा, हे पटवायला वीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी तडजोड काढली. पॉइंट म्हणायचंच नाही. पाच-चार आणि पाच-पंधरा म्हणायचं, गाडीच्या वेळेसारखं. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘पाच-चारची गाडी’ सुरू झाली.

पाच-चार यादीत, एका ओळीच्या पोटात का होईना, होतीच. यादी दहा सेकंद दिसायची, त्यात बाण खाली नेऊन ती निवडली की झालं. पण मामा बटण दाबतात ती वेळ नळाची. आमच्या यवतमाळात नळ आला की माणूस देवपूजा अर्धी सोडून उठतो, तिथं ग्रबची काय कथा. “दहा सेकंदांत मले चष्मा सापडत नाही, एंजिन कुठून सापडते?” सांधेवाला तेवढं थांबून आपल्या मनानं सगळ्यात वरचं, म्हणजे नवं एंजिन जोडून मोकळा व्हायचा. मामा बादल्या भरून येईपर्यंत गाडी सुटलेली आणि वायफाय गेलेलं.

म्हणून त्याला आपली आवड लक्षात ठेवायला शिकवायचं, असं मामांनी ठरवलं.

सुरुवात त्यांनी थेट ग्रबच्या मुख्य फाइलमध्ये हात घालून केली. त्या फाइलच्या डोक्यावर हिला हात लावू नका असं बजावलेलं असतं. पण परीक्षेच्या पेपरवरच्या सूचना वाचायच्या नसतात, हा मास्तरांचाही नियम असावा. चार दिवस बरे गेले. पुढच्या अपडेटनं ती फाइल नव्यानं लिहिली आणि मामांची अक्षरं पुसली गेली. टपरीवर तलाठीसाहेबांनी निदान केलं: “मास्तर, तुमी सातबाऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलं. फेरफार कुठी घेतला?” मामांना हे एकदम पटलं. खरी नोंद ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘ग्रब’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये करायची आणि मग ‘अपडेट-ग्रब’ म्हणून फेरफार घ्यायचा. वहीत तसंच लिहिलं गेलं: ‘अपडेट-ग्रब = फेरफार. विसरू नये.’

त्या छोट्या फाइलमध्ये ‘ग्रब डिफॉल्ट’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे शून्य. ग्रब शून्यापासून मोजतो. पहिलं एंजिन शून्य, दुसरं एक. यावर मामा मुळीच अडले नाहीत. “आपल्याकडे धान्याच्या मापाला पहिलं माप ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. त्याच्याकडे लाभाऐवजी शून्य. प्रत्येकाची रीत.” अडले ते पुढे. पाच-चार पहिल्या यादीत नव्हतीच. ‘इतर पर्याय’ अशा दुसऱ्या ओळीच्या पोटात जी यादी होती, तिच्यात ती तिसरी. म्हणजे शून्यापासून मोजून एकाच्या पोटात दोन. ग्रबच्या भाषेत ते असं लिहितात: एक, मग ‘पेक्षा मोठा’चं चिन्ह, मग दोन.

फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

“हे मी लिहिणार नाही,” मामा म्हणाले. “एक हा दोनपेक्षा मोठा? तीस वर्षं मी पोट्ट्यांच्या वह्यांत याच्यावर लाल फुली मारली.”

“मामा, तो बाण आहे असं समजा.”

“मंग बाण काऊन नाही काढत?”

शेवटी लिहिलं, पण असत्याला सजवायचं नाही म्हणून अवतरण चिन्हं घातली नाहीत. ती फाइल वाचणाऱ्या ‘शेल’ नावाच्या प्रोग्रॅमनं ‘पेक्षा मोठा’चा आपला अर्थ लावला आणि गुमान ‘२’ नावाची एक रिकामी फाइल तयार करून ठेवली. ती पाहून मामांना जरा बरं वाटलं. चुकीच्या गणिताचं उत्तर रिकामं यावं, हा न्यायच होता. अवतरण चिन्हं घातल्यावर पाच-चार धावू लागली. महिन्याभरात पाच-पंधराचीच एक सुधारलेली आवृत्ती येऊन यादीत वर बसली, सगळे दोन-दोन घरं खाली सरकले आणि मामांनी सांगितलेल्या घरात भलताच कोणी राहायला आला. नवा वारस लागला की सातबाऱ्यावर असं होतंच, असं तलाठीसाहेब म्हणाले.

मग मी त्यांना दोन ओळी सांगितल्या. ‘ग्रब डिफॉल्ट’पुढे आकडा नको, ‘सेव्ह्ड’ लिहा. खाली ‘ग्रब सेव्ह-डिफॉल्ट’ अशी ओळ घालून तिच्यापुढे ‘ट्रू’ लिहा. फेरफार घ्या. आता एकदा हातानं पाच-चार निवडा. पुढच्या वेळी सांधेवाला घराचा नंबर नाही पाहणार, तुम्ही शेवटी कोणतं एंजिन नेलं तेच आठवून आपणहून जोडेल.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “नमस्कार. आपल्या सूचनेनुसार कार्यवाही केली असून परिणाम अत्यंत समाधानकारक आहे.”

तो आठवडा मामांच्या निवृत्त आयुष्यातला सुवर्णकाळ. ग्रब ही आठवण कुठं ठेवतो, तेही त्यांनी शोधून काढलं. ‘ग्रब-एन्व्ह’ नावाची एवढीशी फाइल. त्यांनी ती उघडून मला फोनवर वाचून दाखवली. वर मथळा. खाली एक ओळ: सेव्ह्ड एंट्री अमुक. “आणि त्यानंतर नुसते हॅश. हॅश, हॅश, हॅश. मी सगळी अक्षरं मोजली. बरोबर १०२४.” त्यांनी खरंच मोजली होती. मी कारण सांगितलं: त्या पहाटेच्या वेळी ग्रबला फाइल वाचता येते, पण नवी करता येत नाही की वाढवता येत नाही. फक्त जेवढी जागा आधी आखलेली आहे, तेवढ्यातच जुनं खोडून नवं लिहिता येतं. म्हणून उरलेली जागा हॅशनं भरून ठेवतात.

“म्हणजे चेकवर ‘फक्त’ लिहून पुढे रेघ ओढतो तसं,” मामा म्हणाले आणि गप्प झाले. मग म्हणाले, “एका किलोबाइटात मावते रे माणसाची आवड.”

मामींना ही विद्या नवी नव्हती. सकाळी साडेसहाला अर्धा कप, साखर कमी, आलं जास्त. बुधवारी वांगं नाही. पांढऱ्या शर्टावर राखाडी पँट. डॉक्टरकडे गेलं तरी डॉक्टर प्रश्न मामींनाच विचारतात आणि मामा भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता वाचत बसतात. तीस वर्षांत मामींनी मामांना “काय करू?” असं विचारल्याचं मला आठवत नाही. सगळं सेव्ह्ड.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून नातू आला. अकरा वर्षांचा. कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात विंडोज होतं, मुलाच्या जुन्या कामासाठी ठेवलेलं. नातवानं रात्री बाण खाली नेला, विंडोज निवडलं, गेम खेळला आणि झोपला. सकाळी मामा बादल्या भरून आले तर पडदा निळा. बंद करून पुन्हा लावलं, पंख्याखाली घाम पुसून आले, पुन्हा निळा.

“बाप्पा!” फोनवर आवाज आला. “थ्यानं माही आठवण पुसली अन् पोट्ट्याची ठेवली!”

मला त्यांना सांगावं लागलं की यात सांधेवाल्याचा काही दोष नाही. ‘ट्रू’ लिहिलं म्हणजे शेवटी जो कोणी निवडेल त्याची निवड लक्षात ठेव, असं आपणच सांगितलं होतं. घरचा कर्ता कोण, हे त्याच्या १०२४ अक्षरांत कुठंही लिहिलेलं नाही. मामा म्हणाले, “म्हणजे बटन दाबते तो मालक. मंग लेका, एवढं शिकून फायदा काय झाला?”

तेव्हा तिसरा उपाय. ‘सेव्ह-डिफॉल्ट’ची ओळ काढून टाकायची, ‘सेव्ह्ड’ ठेवायचं, आणि ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ या आज्ञेनं पाच-चार एकदाच नेमून टाकायची. मग नातवानं रात्री काहीही चालवलं तरी सकाळी पाच-चारच. मामांनी आज्ञा दिली आणि वहीत तारीख घालून सही केली. पावसाळा गेला, पोळा झाला, कापूस घरात आला. पाच-चार रोज वेळेवर सुटत होती. शकुंतलेनंही असा कारभार कधी पाहिला नसेल.

दिवाळीला मामेभाऊ आला. त्यानं वडिलांना नव्या कर्नलचं कौतुक दाखवायला पाच-पंधरा सुरू केली. तेवढ्यात मामींनी घराच्या साफसफाईचा नारा दिला आणि मामांनाही हुरूप आला. वहीतली ‘ऑटो-रिमूव्ह’ ही आज्ञा त्यांनी देऊन टाकली. चालू असलेलं एंजिन ती आज्ञा मोडीत काढत नाही. सगळ्यात नव्यांनाही हात लावत नाही. त्या क्षणी चालू होती पाच-पंधरा. यार्डाच्या कोपऱ्यात पाच-चार एकटी उभी होती, जुनी, विनावापराची. जाळी झाडता झाडता ती गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रब उठला. आठवणीत ओळ शाबूत होती: पाच-चार. यादीत पाच-चार नव्हती. नेमलेलं सापडलं नाही की तो निमूटपणे पहिलं उचलतो. टपरीवर मामांनी हे सांगितलं तेव्हा कोणीच लगेच बोललं नाही. मग तलाठीसाहेब हळूच म्हणाले, “सातबाऱ्यावर नाव हाय, मानूस नाई. असे लय पाह्यले म्या.” ग्रेडरसाहेबांनी मामांच्या बाहीचा धागा सोडून दिला.

मी त्याच शनिवारी रात्रीच्या गाडीनं यवतमाळला गेलो. पाच-चार पुन्हा उतरवून बसवणं अवघड नव्हतं, तासाभरात झालं. डोंगल बोलू लागलं. मी विचारलं, “मामा, आता काय लिहू? नंबर, सेव्ह्ड, की नेमणूक?”

मामांनी वही मिटली. “यादी किती वेळ थांबते, थे कुठी लिहिते?”

‘ग्रब टाइमआउट’ नावाची ओळ असते. तिच्यापुढे सेकंद लिहितात. दहा होते.

“तिथं उणे एक लिही.”

उणे एक लिहिलं की ग्रब मोजतच नाही. यादी लावतो आणि कोणी सांगेपर्यंत उभा राहतो. तास, दिवस, कितीही. मी म्हटलं, “अहो, मग रोज हातानं निवडावं लागेल. एवढी खटपट कशासाठी केली आपण?”

“अबे, शाळेत दिवसातून चाळीस पोट्टे विचारत. सर, पाणी प्यायला जाऊ? सर, आकृती पेन्सिलीनं काढू का पेनानं? मी म्हनो, काढ पेन्सिलीनं.” त्यांनी चष्मा पुसला. “रिटायर झाल्यापासून कोन काय विचारते? सगळ्यांले माहीतच हाय मले काय पायजे थे. एक हे यंत्र विचारत होतं, तर त्याचं तोंड बंद करासाठी मी वर्ष घातलं.”

मी उणे एक लिहिलं. फेरफार घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बटण दाबलं आणि ते नळावर गेले. दोन बादल्या, एक घागर, वर तुळशीला तांब्या. काळ्या पडद्यावर यादी तशीच उभी होती. मामा आले, हात पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला, खुर्ची ओढली. बाण खाली, वर, पुन्हा खाली नेला. पाच-पंधरावर थांबले. विंडोजवरही थांबले, नातवाच्या बाजूनं काही बोलायचं असेल तर ऐकून घ्यावं अशा मुद्रेनं. मग पाच-चार निवडली आणि एंटर दाबला.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. रात्रीचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं असणार. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “काय वो, चहा कसा करू? आल्याचा, का गवती चहा टाकू? साखर घालू का राहू देऊ?”

मामा दचकले. तीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. ते माझ्याकडे पाहू लागले, मी वहीकडे पाहू लागलो. मामी हलल्या नाहीत. गॅसवर आधण उकळायला लागलं तरी त्या तशाच उभ्या, कितीही वेळ थांबायच्या तयारीनं.

“मला असं वाटतं,” मामा अतिशय शुद्ध मराठीत म्हणाले, “की सर्व बाजूंनी विचार करता, नेहमीचाच करावा.”